पट्टी एक्सपीएजीची, ब्लॉक मॉरिस टेनचा

विकणाऱ्याचा दावा होता: एम.जी. टीसी (ब्रिटिश स्पोर्ट्स कार), १९४८ ची, चॅसिस आणि इंजिन दोन्ही मूळ. घेणाऱ्याने सौदा पक्का करण्याआधी गाडी वर्कशॉपला आणून लावली आणि म्हणाला, "साहेब, तुम्ही फक्त हो की नाही सांगा." टीसीचं हो-नाही इतक्या पटकन निघत नाही.

१९४५ ते १९४९ या काळात इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यातून सुमारे दहा हजार टीसी बाहेर पडल्या, सगळ्या उजव्या स्टिअरिंगच्या. चॅसिसचे नंबर ०२५१ पासून सुरू होतात, कारण कारखान्याचा टेलिफोन नंबर २५१ होता! नंबर बघायचा तो चॅसिसच्या डाव्या रेलवर, पुढच्या टोकाला ठोकलेला. टूलबॉक्सवरच्या पितळी पट्टीवर विसंबू नये, पट्ट्या नव्या मिळतात. रेलवर रंगाचे थर असतील तर पेंट रिमूव्हर लावून कापडाने पुसायचं. ग्राइंडर जवळसुद्धा आणायचा नाही, त्याने अंकच जातात. मग खडू चोळून बाजूने टॉर्च मारली की अंक उठून दिसतात. इथे नंबर खरा होता. एम.जी. कार क्लबच्या टी रजिस्टरकडे कारखान्याच्या नोंदी आहेत. तिथून या चॅसिससोबत गेलेला इंजिन नंबर मागवला होता. तो इंजिनावरच्या अष्टकोनी पितळी पट्टीशी जुळला आणि आरसी बुकाशीही.

एवढ्यावर पुष्कळ जण सही करतात. पण ही पट्टी रिव्हेटऐवजी दोन स्क्रूंनी बसवलेली होती, आणि स्क्रूंच्या खाचा स्क्रूड्रायव्हरने नुकत्याच उजळलेल्या. पट्टी खरी असेल, पण ती ज्याच्यावर आहे तो ब्लॉक (इंजिनाचा सिलिंडर असलेला मुख्य बिडाचा भाग) कोणता?

इथे भारतातली एक गोष्ट माहीत असावी लागते. टीसीचं एक्सपीएजी इंजिन मॉरिस टेन सीरीज एमच्या एक्सपीजेएम इंजिनातून निघालेलं आहे, आणि त्याच मॉरिसवरून आपल्याकडे हिंदुस्थान टेन आली. म्हणजे टीसीचं इंजिन निकामी झालं, बाहेरून सुटा भाग मागवणं अवघड झालं, की हाताशी येणारा सगळ्यात जवळचा ब्लॉक हाच.

बाहेरून फरक ओळखणं कठीण, कारण बाकी पुष्कळ काही सारखंच. प्लगच्या भोकातून सळई घालून स्ट्रोक (पिस्टन वर-खाली जातो ते अंतर) मोजला तर दोन्हींत ९० मिमी. बोल्टचे आटेसुद्धा तेच. १९२३ मध्ये मॉरिसने कॉव्हेंट्रीचा हॉचकिस कारखाना घेतला, त्याबरोबर फ्रेंच मेट्रिक यंत्रं आली. म्हणून आटा ८ मिमी, पिच (दोन आट्यांमधलं अंतर) १.०, पण डोकं मात्र पाव इंची व्हिटवर्थ (जुनं ब्रिटिश माप) पान्याचं, म्हणजे साधारण १३.३ मिमी. १३ चा पाना चढत नाही आणि १४ चा घसरून कोपरे खातो. बाजारातला साधा एम-८ बोल्ट १.२५ पिचचा असतो. तो एकदोन फेरे जातो, मग अडतो, आणि कोणी जोर लावला की बिडाच्या ब्लॉकमधले आटे उखडतात. या गाडीत संपचे (इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीचे) दोन बोल्ट असे कोंबलेले निघाले. तिथे एम-८, १.० चा हेलीकॉइल (नव्या आट्याची तारेची गुंडाळी) टाकावा लागणार.

फरक आहे तो बोअरमध्ये (सिलिंडरच्या व्यासात): एक्सपीएजी ६६.५ मिमी, १२५० सीसी, एक्सपीजेएम ६३.५ मिमी, ११४० सीसी. म्हणून हेड (सिलिंडरवरचं झाकण) उतरवायचं ठरलं. पाणी काढून रॉकरचा ऑइल पाइप सोडला, पुशरॉड नंबर घालून पुठ्ठ्यात खोचले, नट बाहेरून आत थोडे थोडे सैल केले. (गॅस्केट आधी मागवू नका. सुरुवातीच्या हेडला पाण्याची भोकं लांबट आहेत, टीसीनंतरच्या टीडी मॉडेलच्या पुढच्या इंजिनांना गोल.) हेड निघाल्यावर गेज लावायच्या आधीच कळलं. गॅस्केटचं भोक आणि सिलिंडरची कड यांच्यामध्ये ब्लॉकच्या माथ्यावर मिलीमीटरभर रुंदीचं काजळीचं काळं कडं होतं, चारही सिलिंडरला. टीसीचं गॅस्केट लहान बोअरवर बसवलं की असंच होणार.

बोअर गेज रिंगच्या घासणीच्या वर लावला, जिथे झीज नसते. आकडा ६४.५ च्या आसपास. पिस्टनच्या डोक्यावर ०.०४० ठोकलेलं. चाळीस थाऊ (इंचाचे हजारावे भाग) म्हणजे १.०२ मिमी, ६३.५ मध्ये मिळवा, बरोबर जमतं. बोअर वाढत जातो, कमी होत नाही, हा यातला मुख्य मुद्दा. ६६.५ चा ६४.५ व्हायचा एकच मार्ग म्हणजे लायनर (सिलिंडरच्या आत बसवलेली नळी), आणि लायनर असता तर माथ्यावर जोडाची बारीक गोल रेघ दिसली असती. माथा घासून पाहिला, रेघ नव्हती. हिशोब ११७७ सीसी. वरचं हेड आणि जोड एसयू कार्ब्युरेटर मात्र टीसीचेच.

ज्याने त्या काळी हे केलं त्याला मी दोष देणार नाही, गाडी भंगारात जाण्यापासून वाचली. पण पट्टी उचलून इकडे लावल्यामुळे आरसीवर इंजिन बदलल्याची नोंदच नाही. जुलै २०२१ च्या व्हिंटेज नियमांत ५० वर्षांहून जुनी गाडी मूळ रूपात हवी, चॅसिस, बॉडी, इंजिनात मोठा फेरबदल नको, असं आहे. व्हिंटेज नोंदणीचा अर्ज करताना हा प्रश्न येणारच.

लाकडाचं थोडक्यात. बॉडीची चौकट ॲश लाकडाची असते. दाराखालच्या पट्ट्या आणि बिजागरीचा खांब टोचून बघायचे. इथे डावा खांब वाळवीने पोकळ. बदली सागवानाची असेल तर चिकटवण्याआधी जोड थिनरने पुसायचा, नाहीतर सागाच्या तेलामुळे इपॉक्सी धरत नाही.

अहवालात लिहिलं: चॅसिस मूळ, हेड टीसीचं, ब्लॉक मॉरिस टेनचा, लायनर नाही, पट्टी दुसरीकडून लावलेली. सोबत रेलचे, काळ्या कड्याचे आणि पिस्टनचे फोटो. किंमत खाली आली आणि गाडी त्याच गृहस्थांनी घेतली. आता ६६.५ चा ब्लॉक शोधतोय. एम.जी. वाय टाइप किंवा वूल्झली ४/४४ चा चालेल, दोन्ही १२५० चेच, पण वूल्झलीचा जशाच्या तसा बसत नाही. मिळेपर्यंत मॉरिसचाच ब्लॉक चालवायचा, आटे दुरुस्त करून.