भेट खणात पडून राहू नये म्हणून

वृद्धाश्रमात किंवा शुश्रूषा केंद्रात राहणाऱ्या आजी-आजोबांसाठी सणाला काय न्यावं, हा प्रश्न आला की आपण त्यांच्या आवडीनिवडी आठवत बसतो. त्याआधी त्यांची खोली आठवावी. एक पलंग, उशाशी छोटं टेबल, कपड्यांचं एक अरुंद कपाट आणि बहुधा पलीकडच्या पलंगावर आणखी कोणीतरी. जागा एवढीच. मग स्वतःला विचारावं, ही वस्तू वापरायला दर वेळी दुसऱ्या कुणाची मदत लागेल का? मावशींना एकाच वेळी अनेकांचं बघायचं असतं. चार्ज करावी लागणारी, पासवर्ड मागणारी किंवा हाताने हलकेच धुवावी लागणारी वस्तू पंधरा दिवसांत खणात जाते आणि तिथेच राहते.

सगळ्यात जास्त पैसे वाया जातात ते कपड्यांवर. तिथले कपडे एकत्र, गरम पाण्यात, मोठ्या मशीनमध्ये धुतले जातात आणि ड्रायरमध्ये वाळतात. लोकरीचा स्वेटर पहिल्याच धुण्यात आटतो. म्हणून सुती किंवा सुती-पॉलिस्टर मिश्र कापड घ्यावं. प्रत्येक कपड्यावर नाव हवंच, मोज्यांवरसुद्धा. मार्करने लिहिलेलं नाव धुऊन धुऊन पुसट होतं, त्यापेक्षा नावाची कापडी पट्टी कॉलरच्या आतून चारही बाजूंनी शिवलेली बरी. दोनच टोकं शिवली तर पट्टी मशीनमध्ये अडकून सुटते. हे काम भेट देण्याआधी करायचं, नंतर ते कुणीच करत नाही.

कपडा समोरून पूर्ण उघडणारा असावा. खांदा आखडलेल्या माणसाला डोक्यावरून घालायचा कपडा म्हणजे रोज सकाळची शिक्षा. लकवा झाला असेल तर आधी दुबळा हात बाहीत जातो, मग चांगला, त्यामुळे काखेत सैल आणि एक माप मोठा घ्यावा. बटणांऐवजी वेल्क्रो चालतं, पण धुवायला टाकताना ते बंद करावं लागतं, नाहीतर त्यात धागे अडकतात आणि त्याची पकड जाते. मोजे तळव्याला रबरी ठिपके असलेले आणि वरचं इलॅस्टिक सैल असलेले हवेत, कारण घट्ट काठ सुजलेल्या पायात रुततो. चपला घ्यायच्याच असतील तर टाच बंद असलेल्या आणि वेल्क्रोच्या घ्या. माप संध्याकाळी काढा, पाय तेव्हा सुजलेले असतात. नुसत्या सरकवायच्या मऊ सपाता दिसतात गोड, पण त्या पायातून निसटतात आणि पडायला तेवढं निमित्त पुरतं.

मांडीवरचं पांघरूण ही चांगली भेट आहे. व्हीलचेअरवर बसणाऱ्यांना साधारण ९० बाय १२० सेंटिमीटर पुरतं. मोठं घेतलं तर चाकात जातं. त्याला गोंडे किंवा झालर नको, तीही चाकात गुंततेच.

खाण्याची भेट सिस्टरना विचारल्याशिवाय नेऊ नये, आणि हा शिष्टाचाराचा प्रश्न नाही. गिळायला त्रास होणाऱ्यांचं खाणंपिणं किती घट्ट किंवा मऊ असावं, हे ठरवून दिलेलं असतं. त्यासाठी ० ते ७ अशा आंतरराष्ट्रीय पातळ्या आहेत. अशा माणसासाठी आइस्क्रीम किंवा जेली मऊ म्हणून आपण बिनधास्त नेतो. तोंडात ती विरघळून पाण्यासारखी पातळ होते आणि ज्याला घट्ट केलेलंच पाणी चालतं त्याला ठसका लागतो, कधी ते फुप्फुसातही उतरतं. भुसभुशीत बिस्किटं, अख्खा सुकामेवा आणि कवळीला चिकटणारं काहीही तितकंच धोक्याचं. मूत्रपिंडाच्या आजारात पोटॅशियम मोजून दिलेलं असेल, तर केळी आणि सुकवलेली फळंसुद्धा आधी विचारूनच न्यावीत. ग्रेपफ्रूट काही रक्तदाबाच्या आणि कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांचा परिणाम वाढवतं. मधुमेह आहे म्हणून ‘शुगर-फ्री’ डबा नेला, तर त्यातल्या सॉर्बिटॉल, माल्टिटॉलने जुलाब होऊ शकतात आणि त्याचा ताप पुन्हा मावशींनाच. डबा नेलाच तर तो सिस्टरच्या हाती द्यावा. टेबलावर उघडा ठेवला तर शेजारच्या पलंगावरचे खातील आणि त्यांचं पथ्य आपल्याला माहीत नसतं.

स्मृतिभ्रंश असेल तर डिजिटल फोटो फ्रेमपेक्षा हातात धरायचा अल्बम कितीतरी चांगला. फोटो पंधरा-वीस पुरेत. पानं चकचकीत नकोत, कारण दिव्याचा झगझगाट होतो आणि चेहरे दिसत नाहीत. फोटोखाली ठळक, काळ्या, किमान २० पॉइंटच्या अक्षरात नाव आणि नातं लिहावं: ‘वसंता, तुमचा धाकटा भाऊ’. नातवंडांचे ताजे फोटो घालायचा मोह होतो, पण अशा माणसांना बहुतेकदा वयाच्या दहा ते तिशीतलं जास्त आठवतं. त्या काळातलं घर, शाळा, कामाची जागा शोधून काढा. अल्बम दाखवताना ‘ओळखलंत का, हे कोण?’ असं मात्र विचारू नये. घरच्या माणसांनी घेतलेल्या परीक्षेत नापास होणं फार जिव्हारी लागतं. आपणच नाव सांगावं आणि पुढचं त्यांना बोलू द्यावं. वार, तारीख आणि ‘सकाळ’, ‘दुपार’ असं लिहून दाखवणारं घड्याळही उपयोगी पडतं. मात्र ते पलंगावर पडल्यापडल्या दिसेल अशा जागी लावता येतंय का, हे आधी बघावं.

श्रवणयंत्र असेल तर त्याच्या बॅटऱ्या ही फारशी कुणाला न सुचणारी भेट आहे. यंत्र बिनचार्जिंगचं आहे ना, याची आधी खात्री करा. माप पाकिटावरच्या रंगावरून कळतं: १० नंबर पिवळा, ३१२ तपकिरी, १३ नारिंगी, ६७५ निळा. मागचा कागद काढला की बॅटरी सुरू होते, म्हणून तो आधीच काढून ठेवू नये, आणि काढल्यावर दोन-चार मिनिटं हवा लागू देऊन मग बसवावी. स्मृतिभ्रंश असलेल्यांच्या हाताशी मात्र त्या ठेवू नयेत, गोळी समजून गिळल्या जातात.

मेणबत्त्या, विजेवर तापणारी पांघरुणं, एक्स्टेंशन वायर या गोष्टी बहुतेक ठिकाणी दारातूनच परत पाठवतात. खोलीत कुणाला ऑक्सिजन लावलेला असेल तर ज्योतीचं नावच काढू नये. उग्र अत्तरं दमेकऱ्यांच्या शेजारी नकोत. क्रीम द्यायचं तर बिनवासाचं आणि पंपाच्या बाटलीतलं द्या, कारण संधिवाताच्या बोटांना फिरकीचं झाकण उघडत नाही. दागिना आणि रोख रक्कम तर नकोच. हरवलं की संशय नेमका मावशींवर जातो.

वेष्टणाला चिकटपट्टी आणि गाठी नकोत, साधी कापडी पिशवी पुरे. सणाच्या दिवशी तिथे गर्दी असते आणि नंतरचा आठवडा अगदी सुना जातो. दोन वस्तू असतील तर एक त्या आठवड्यासाठी राखून ठेवा आणि शक्यतो सकाळी जा, स्मृतिभ्रंशाची बेचैनी बऱ्याच जणांना संध्याकाळकडे वाढते. निघताना वस्तूची नोंद त्यांच्या सामानाच्या यादीत करून घ्या, पावती आपल्याकडे ठेवा आणि रिकामी खोकी परत घरी आणा.