तीन ग्रॅमची गरी आणि सतरा ग्रॅमचं स्पूल

भाट्याच्या खाडीत तांबोशी कुठे सापडते, हे मी लहानपणापासून बघत आलोय. सुकती लागली आणि कांदळवनाच्या मुळांतून पाणी निघायला लागलं की ती मुळांच्या तोंडाशी येऊन थांबते आणि पाण्याबरोबर येणारी बारीक कोळंबी टिपते. तिथे १० ग्रॅमचा ल्युअर, म्हणजे नकली आमिष, धपकन पडला की ती आत शिरते आणि पुन्हा तासभर बाहेर येत नाही. तिथे पाहिजे ३ ग्रॅमची जिगहेड, म्हणजे वजनदार डोक्याची गरी, आणि तिच्यावर दोन इंची रबरी कोळंबी.

एवढ्या हलक्या वजनाला स्पिनिंग रील घे, म्हणजे ज्याचं लाइन गुंडाळायचं चाक (स्पूल) फेकताना फिरत नाही ते, असं सगळे सांगतात. लांब फेकायचं असेल तर ते खरंच आहे. पण मला टाकायचं होतं फांदीखालच्या हातभर फटीत. ल्युअर हवेत असतानाच अंगठ्याने स्पूल दाबून तो नेमका तिथे उतरवायचा आणि मासा लागला की तो मुळांत घुसायच्या आत ओढून काढायचा. बेटकास्टिंग रिळावर फेकताना स्पूलच फिरतं आणि अंगठ्याखाली असतं, म्हणून हे हाताला बसतं. म्हणून हट्टाने तेच करायचं ठरवलं.

घरात होतं ते रील १० ग्रॅम सुरेख फेकायचं. ३ ग्रॅम लावला की ल्युअर आठ मीटरवर पडायचा आणि स्पूलवर चिमणीचं घरटं तयार. दोष हाताचा असेल असं वाटून मी दोन महिने अंगणात सराव केला. फरक शून्य.

मग एके दिवशी स्पूल खोलून बाजारातल्या ओळखीच्या सोनाराकडे नेलं. त्याच्या काट्यावर रिकामं स्पूल बेअरिंगसकट भरलं १७.२ ग्रॅम. त्यावर गुंडाळलेली १२० मीटर नायलॉन लाइन आणखी ८ ग्रॅम. म्हणजे ३ ग्रॅमच्या ल्युअरने फेकीच्या पहिल्या क्षणात २५ ग्रॅमचं चाक फिरवायचं! त्याला झटका द्यावा तर चाक वेग घेतं, पण हलका ल्युअर हवेत लगेच मंदावतो. चाक काही मंदावत नाही. ते लाइन सोडतच राहतं आणि ती आतल्या आत फुगते. गुंता म्हणतात तो हाच.

सोनाराच्या काट्याने मला जे शिकवलं ते कुठल्याही जाहिरातीने शिकवलं नव्हतं. रिळाचं एकूण वजन, बेअरिंग किती, गिअर कुठला, हे सगळं नंतर. आधी बघायचं ते लाइनसकट स्पूलचं वजन.

लाइनचं गणित तर घरबसल्या करता येतं. पीई ही विणलेली पातळ लाइन. तिच्यात पीई १ म्हणजे २०० डेनियर, म्हणजे ९००० मीटर धाग्याचं वजन २०० ग्रॅम. पीई ०.८ घेतली तर १६० ग्रॅम. मला खाडीत ६० मीटरपेक्षा जास्त लाइन कधीच लागत नाही, आणि तेवढीचं वजन जेमतेम १ ग्रॅम. नायलॉन काढून ही भरली की एका झटक्यात ७ ग्रॅम कमी. पातळ पीई गुळगुळीत स्पूलवर सरकते, म्हणून आधी टेपचा छोटा तुकडा लावायचा, आणि भरताना ओल्या फडक्यात घट्ट धरायची. सैल भरली तर मासा ओढताना ती आतल्या थरांत रुतते.

त्याआधी एक चूक झाली होती. स्पूलची बेअरिंग बदलली, सिरॅमिकची घातली. आवाज गोड झाला, अंतर वाढलं जेमतेम मीटरभर. वजन तसंच राहिल्यावर दुसरं काय होणार!

नंतर त्याच रिळासाठी बाहेरून एक उथळ स्पूल मागवलं. दिसायला देखणं, जाळीदार, वजन निम्मं. पण त्याची कड आणि चौकट यांच्यात केसाएवढी फट राहत होती. दुसऱ्याच फेकीला पीई त्या फटीतून मागे गेली आणि दांड्याभोवती आवळली. पुलाखाली बसून ब्लेडने कापून काढली. विकणाऱ्याने परत घेतलं नाही. पैसे गेले, पण एक नियम पक्का झाला: स्पूल घेताना रिळाचं नाव जुळून पुरत नाही, कुठल्या सालचं मॉडेल तेही जुळलं पाहिजे.

शेवटी पूर्ण रीलच घ्यायचं ठरलं, हलके ल्युअर फेकायचं, ज्याला ‘बेट फिनेस’ म्हणतात त्या जातीचं. ही पद्धत जपानातल्या बास नावाच्या माशाच्या मासेमारीतून आली. शिमानोचं आल्डेबरन बीएफएस आणि दाइवाचं अल्फास एअर ही दोन्ही बघितली, पण तेवढा खर्च झेपणारा नव्हता. शिवाय काही हलक्या रिळांची चौकट मॅग्नेशियमची असते, आणि रंगाला ओरखडा गेला की खारं पाणी मॅग्नेशियम भराभर खातं. खाडीसाठी ॲल्युमिनियमच बरं. तसं एक मध्यम किमतीचं, २८ मिलिमीटर व्यासाच्या स्पूलचं सापडलं. बेअरिंगसकट स्पूल ८.९ ग्रॅम, लाइन धरून १० ग्रॅम. पहिल्या पंचविसाच्या निम्म्याहूनही कमी.

ब्रेक चुंबकाचा आहे. चुंबकाजवळून ॲल्युमिनियम फिरलं की त्यात वीज खेळते आणि ती फिरण्याला अडवते; जितका वेग जास्त तितकी अडवणूक जास्त. स्पूल आवळायची बाजूची कळ मात्र ब्रेक म्हणून वापरायची नाही. स्पूल डावी-उजवीकडे खुळखुळायचं थांबलं की ती तिथेच सोडायची. ती आवळून गुंता थांबवायची माझी जुनी सवय मोडायला आठवडा गेला.

डिसेंबरात पहाटे मतलई वारा पाठीशी घेऊन गेलो. शेजारी एक काका हातदोरीने गरवत बसले होते. त्यांनी रील हातात घेऊन स्पूलला बोटाने टिचकी दिली, फिरताना बघत राहिले. “एवढ्याशा गरीला हे पायजेच होतं होय रे? बरं, त्या चिपीखाली टाक बघू. मगाशी पाणी फुटलंन तिथं.”

अठरा मीटर असेल. हात कमरेच्या उंचीवर, मनगटाचा झोका. ल्युअर पाण्यावरून सपाट गेला, मी अंगठा टेकवला आणि तो चिपीच्या, म्हणजे त्या कांदळाच्या झाडाच्या, सावलीत नुसता टिपकला. दोन वेळा टोक उचललं, आणि तिसऱ्याला रॉड वाकला. पाऊण किलोची तांबोशी. अंगठा स्पूलवर घट्ट ठेवून तिला मुळांकडे एक वीतही जाऊ दिली नाही. काकांनी जाळ्याची झोळी खाली धरली, म्हणून वर आली.

२ ग्रॅमच्या खाली मात्र हे रील रडतं, आणि दुपारी खारा वारा समोरून सुटला की ३ ग्रॅमही मागे येतो. तेव्हा मी स्पिनिंगच काढतो.

खाडीवरून आल्यावर ड्रॅग, म्हणजे मासा ओढताना लाइन किती ताणाला सुटेल ते ठरवणारा भाग, आवळून गोड्या पाण्याची हलकी धार सोडतो. जोराची नाही, जोराने मीठ आत जातं. स्पूल काढून सावलीत वाळवतो. महिन्यातून एकदा बेअरिंग धुऊन सुईच्या टोकाने पातळ तेलाचा एक थेंब. सिरॅमिकचे गोळे गंजत नाहीत, पण त्यांच्या भोवतालच्या पोलादी कड्या गंजतात, हे पहिल्या पावसाळ्यानंतर कळलं. यंदा बेअरिंगची एक जादा जोडी मे महिन्यातच आणून ठेवली आहे.