सोळा मार्चला बदललेला पंप

१६ मार्च २०२४ रोजी माझ्या मोटरसायकलचा फ्यूल पंप (टाकीतलं पेट्रोल इंजिनाला पोचवणारा) पुण्यात बदलला गेला, अशी कंपनीच्या कॉम्प्युटरमध्ये नोंद आहे. त्या दिवशी गाडी साताऱ्यात माझ्या जिन्याखाली उभी होती. ही नोंद आहे हे मला जुलैत कळलं आणि ती खोडून घ्यायला गणपती उजाडले. कंपनीचं नाव लिहीत नाही. डीलर कोणता तेही नाही. पण बाकी सगळं सांगतो, कारण अजून डोक्यातून जात नाही.

गाडी २०२१ ची, टूरिंगची. मी ऑगस्ट २०२३ मध्ये पुण्यातल्या एका गृहस्थांकडून घेतली. फॉर्म २९, फॉर्म ३०, नावावर करणं वगैरे रीतसर झालं. त्यात सांगण्यासारखं काही नाही. फेब्रुवारीत कंपनीनं त्या वर्षाच्या काही गाड्यांचे फ्यूल पंप परत मागवले. दोष निघालेला पार्ट कंपनीनं असा फुकट तपासून किंवा बदलून देणं म्हणजे रिकॉल, कंपनीच्या भाषेत ‘मोहीम’. पत्र गेलं असणार पहिल्या मालकाला. आरसीवर नाव बदललं म्हणजे कंपनीच्या दप्तरीही बदललं असं मी धरून चाललो होतो. तसं होत नाही. तिथं वेगळं जाऊन मोबाइल नंबर बदलून घ्यावा लागतो. सेकंडहँड गाडी घेणाऱ्यांनी हे पहिल्या आठवड्यात उरकावं.

मला एप्रिलमध्ये याच गाडीच्या मालकांच्या ग्रुपवर कळलं. कंपनीच्या साइटवर चॅसी नंबर टाकला, तर ‘नंबर चुकीचा आहे’. तीनदा तसंच. मी शून्याच्या जागी इंग्रजी ओ टाकत होतो. सतरा आकडी चॅसी नंबरात आय, ओ आणि क्यू ही अक्षरं वापरतच नाहीत, गोल दिसेल ते शून्यच. मग उत्तर आलं की या वाहनावर कोणतीही मोहीम प्रलंबित नाही. मी खूश. आपली बॅच सुटली, असं घरातही सांगून टाकलं.

जुलैत आम्ही दोघं गुहागरहून परत येत होतो. पोफळी सोडून कुंभार्ली घाट चढायला लागलो. धुकं, वर रिपरिप, पुढे जांभ्या दगडाचा ट्रक. ट्रकला ओलांडायला थ्रॉटल पिळला आणि गाडीनं एक आवंढा गिळल्यासारखं केलं. मग इंजिन बंद. ट्रक निघून गेला म्हणून वाचलो, मागून काही येत नव्हतं हे दुसरं नशीब. मागच्या सीटवरून प्रश्न आला, “पेट्रोल भरलंत ना?” टाकी निम्म्यावर होती.

चावी फिरवली की टाकीच्या बुडातून दोन-तीन सेकंद बारीक ‘झीं’ ऐकू येतं. पंप प्रेशर धरतो त्याचा तो आवाज. रोज ऐकून कान इतका सरावतो की आवाज आहे हेच विसरायला होतं. त्या दिवशी तो आला नाही. वीस मिनिटं भिजत थांबलो, पुन्हा चावी फिरवली, आला. गाडी हेळवाकपर्यंत गेली, कोयनानगरला चहा झाला आणि पुढे साताऱ्यापर्यंत एकदाही अडखळली नाही. हीच खोड वाईट. सर्व्हिस सेंटरला नेऊन दाखवायला दोष हाताशी राहत नाही.

आमच्या गल्लीतल्या मिस्त्रींनी टाकी उतरवून पंप बाहेर काढला. ग्रुपवरच्या कोल्हापूरच्या एकानं आपल्या बदललेल्या पंपाच्या स्टिकरचा फोटो पाठवला होता. त्याच्या पार्ट नंबरचं शेवटचं अक्षर बी. माझं ए. म्हणजे पंप जुनाच, बदलायच्या यादीतला. मग साइट ‘प्रलंबित नाही’ का म्हणते?

सर्व्हिस सेंटरला गेलो. काउंटरवरच्या मुलानं नंबर टाकला आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. “सर, तुमचा रिकॉल झालेला आहे. ग्रीन आहे बघा.”

“कुणी केला?”

“दुसऱ्या डीलरकडे झालाय. आम्हाला फक्त कोड दिसतो.”

मी स्टिकरचा फोटो दाखवला. त्यानं फोटोकडे पाहिलं, मग स्क्रीनकडे पाहिलं आणि विश्वास स्क्रीनवर ठेवला. पेट्रोलमध्ये पाणी असेल, म्हणाला. आजकाल इथेनॉल असतं ना, पावसाळ्यात पाणी धरतं. इथेनॉल पाणी धरतं हे खरं आहे, पण त्यानं स्टिकरवरचं अक्षर बदलत नाही.

पुढच्या खेपेला वर्कशॉप मॅनेजर भेटले. त्यांनी पहिल्याच वाक्यात विचारलं, टाकी बाहेर उघडलीत का? उघडली होती. मग बोलणं संपलंच. “बाहेरच्या माणसानं कुठला पंप बसवला, आम्हाला काय माहीत?” चूक माझी होती, कबूल. तुम्ही ती करू नका. संशय आला तर टाकी त्यांच्याच रॅम्पवर उघडायला लावा आणि समोर उभं राहून फोटो काढा. शेवटी त्यांनी तोडगा दिला की सात हजार आठशे भरा, पंप बदलून देतो. जो पार्ट कंपनी फुकट द्यायला बांधील आहे, तो.

कस्टमर केअरला मेल टाकली. उत्तर आलं, “आपल्या वाहनावर सदर मोहीम पूर्ण झाली आहे. सहकार्याबद्दल धन्यवाद.” दुसरी मेल फोटो जोडून टाकली. तेच उत्तर, खाली नाव वेगळं. तिसऱ्यांदा तिसरं नाव, धन्यवाद तेच.

इथं एक सांगायला हवं. मी जिल्हा कोषागारात नोकरी करतो. बिलावर त्रुटी काढून परत पाठवणं हेच माझं काम, आणि खिडकीच्या आत बसून ‘सिस्टीम घेत नाही’ हे वाक्य मीही शेकडो वेळा उच्चारलंय. तेच बाहेर उभं राहून ऐकताना कानशिलं तापतात. त्या महिन्यात ऑफिसात माझा आवाज बराच मऊ झाला होता, असं सहकारी सांगतात.

दोन रात्री कायदा वाचत बसलो. आपल्याकडे २०१२ पासून वाहन कंपन्यांच्या संघटनेची रिकॉलसाठी एक संहिता होती, तीही ऐच्छिक. २०१९ च्या मोटर वाहन दुरुस्तीत कलम ११०ए आलं आणि १ एप्रिल २०२१ पासून सक्तीच्या रिकॉलचे नियम लागू झाले. सात वर्षांच्या आतली वाहनं त्यात येतात आणि कंपनीला दहा लाखांपासून एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. तक्रार मालकालाही सरकारच्या पोर्टलवर नोंदवता येते. पण सक्ती लागते ती विकलेल्या गाड्यांच्या प्रमाणात पुरेशा तक्रारी जमल्यावर. माझ्यासारख्या, रिकॉल जाहीर होऊनही हातात न पडलेल्या एकट्याचं त्यात काय होणार, हा प्रश्न तसाच राहिला.

आणखी एक गोष्ट तेव्हाच उमगली. रिकॉल म्हणजे सरसकट पार्ट बदलणं नव्हे. मे २०२१ मध्ये रॉयल एन्फिल्डनं इग्निशन कॉइलसाठी दोन लाख छत्तीस हजारांवर गाड्या बोलावल्या (माझी गाडी त्यांची नाही, हे आधीच सांगतो), तेव्हाच त्यांनी म्हटलं होतं की बदलावं लागेल ते दहा टक्क्यांपेक्षा कमी गाड्यांत. बाकीच्यांची नुसती तपासणी. त्याच कंपनीच्या हिमालयन आणि ६५० सीसीच्या गाड्यांचे ब्रेक कॅलिपर २०२० मध्ये ब्रिटन, युरोप, कोरियात तपासायला घेतले, कारण तिथं हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात आणि त्यानं गंज चढतो. रिकॉल निघाला म्हणून गाडी भंगार असं म्हणणाऱ्यांशी माझं म्हणूनच पटत नाही. मला राग पंपाचा नव्हताच.

तर पाचव्या खेपेला मी मॅनेजरला टाळून बिलिंगच्या खिडकीवर गेलो आणि गाडीची पूर्ण सर्व्हिस हिस्ट्री छापून मागितली. तिथल्या ताईंनी एक शब्दही न विचारता तीन पानं काढून दिली. पाच आठवड्यांत हे मला सुचलं नव्हतं. मी, ज्याचा जन्म प्रिंटआउटवर टिकमार्क करण्यात गेला!

जिन्यातच उभा राहून वाचलं. जानेवारी २०२४, सातारा, नियमित सर्व्हिस, १८,४१२ किलोमीटर. त्याखालची ओळ: १६ मार्च २०२४, पुण्याचा कोड, फ्यूल पंप मोहीम पूर्ण, ११,०६० किलोमीटर.

दोन महिन्यांत माझी गाडी सात हजार किलोमीटर मागे गेली होती.

मला वाटतं, लबाडीही नसेल. चॅसी नंबरातला एखादा आकडा टाइप करताना चुकला असेल. तसं असेल तर पुण्यात कुणाची तरी गाडी नवा पंप घेऊन फिरतेय आणि तिच्या नावापुढे अजून ‘प्रलंबित’ आहे. त्या माणसाला सर्व्हिस सेंटरवाले दर वेळी ‘पंप बदलून घ्या’ म्हणत असतील आणि तो ‘बदललाय हो’ म्हणत असेल.

त्या दोन ओळींखाली लाल पेनानं रेघ मारली, जानेवारीचं जॉब कार्ड आणि त्या दिवशीच्या किलोमीटरचा फोटो जोडला आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवली. ग्राहक आयोगातही पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क लागत नाही, हे ऑफिसातल्या एकानं सांगितलं होतं. तेही कंपनीला मेलमध्ये सहज लिहून टाकलं. सहाव्या दिवशी एरिया सर्व्हिस मॅनेजरचा फोन. अत्यंत सभ्य माणूस. “सर, किलोमीटरचा मुद्दा आमच्या लक्षातच आला नाही.” त्यानं नोंद पुन्हा उघडायला लावली. किती वेळ लागला? फोन चालू असताना झालं.

पार्ट यायला नऊ दिवस. पंप बदलायच्या दिवशी मी उत्साहात टाकी काठोकाठ भरून गेलो, कारण तिथूनच ठोसेघरला चक्कर मारायची होती. पंप काढायला टाकी उतरवावी लागते हे मला माहीत असायला हवं होतं ना! तेरा-चौदा लिटर पेट्रोल कॅनमध्ये काढताना मेकॅनिक माझ्याकडे एकदाच बघून गप्प बसला. जाताना टाकी रिकामी ठेवा. जॉब कार्डवर मोहिमेची वेगळी ओळ आणि पुढे शून्य रुपये लिहून घ्या, मजुरीच्या नावाखाली काही लागलं असेल तर तिथंच काढून घ्या. जुना पंप कंपनीकडे परत जातो, तो मिळत नाही, पण दोन्ही पंप शेजारी ठेवून फोटो काढू देतात. माझ्या फोटोत ए आणि बी स्वच्छ दिसतात. हो, आणि प्रत्येक सर्व्हिसला मीटरचा फोटो काढत जा. मी तो सवयीनं काढला होता, त्याचा असा उपयोग होईल हे माहीत नव्हतं.

काम पन्नास मिनिटांत झालं. चावी फिरवली, ‘झीं’ आलं.

दुसऱ्या दिवशी पुण्याच्या त्या गृहस्थांचा मेसेज आला, वर्षभरानं पहिल्यांदाच. कंपनीचा एसएमएस त्यांनी पुढे पाठवला होता: आपल्या वाहनाची सेवा पूर्ण झाली आहे, आपण किती समाधानी आहात? खाली त्यांचं वाक्य, “मी पाच तारे देऊन टाकले, चालेल ना?”