कांदा

जुन्या गाडीवरची रुपयाएवढी जागा घासायला वेळ तो किती लागावा? पाऊण तास गेला. एप्रिलमधली सोलापूरची दुपार, वर पत्र्याची शेड, बाहेर कुत्रंसुद्धा सावली सोडायला तयार नाही. मिस्त्री दोनदा डोकावून गेले. तिसऱ्यांदा राहवलं नाही. "काय करलालाव मालक? गाडी करलालाव का कांदा सोललालाव?"

कांदाच. फोर्डची मॉडेल टी, कापडी टपाची उघडी टूरर. नवा रंग मारण्याआधी जुने रंग एकदा तरी वाचून घ्यावेत, कारण ग्राइंडर फिरला की सगळं एकसारखं होतं. जागा अशी निवडायची, की जिथं ऊन पोचत नाही आणि पॉलिशचं फडकंही. दाराच्या चौकटीत, बिजागरीच्या खाली. ३२० नंबरचा वॉटर पेपर भिजवून बोटाला गुंडाळायचा आणि एकाच ठिकाणी गोल फिरवत पत्र्यापर्यंत उतरायचं. मग ६००, मग १००० घेऊन कडा पसरट करायच्या. शेवटी थेंबभर मशीन ऑइल चोळलं की वलयं उजळतात. पाणी मात्र सोडायचं नाही. जुन्या रंगांत शिसं असतं, आणि कोरडं घासलं तर ते छातीत जातं.

सगळ्यात वर पोपटी, ब्रशच्या रेघांसकट. कुणाच्या तरी दारंखिडक्या रंगवून उरलेला ऑइल पेंट, दुसरं काही असूच शकत नाही. त्याखाली रुपेरी. त्याखाली मरून, मग लाल ऑक्साइडचा प्रायमर, मग काळा, मग पत्रा. तळाशी काळा लागला की जिवात जीव येतो. १९१४ ते १९२५ या काळात कंपनीनं ही गाडी काळ्याशिवाय दुसऱ्या रंगात काढलीच नाही. त्या काळातल्या मॉडेल टीला झगझगीत लाल रंग देऊन कुणी "ओरिजिनल आहे" म्हणालं, तर वाद घालू नये, चहा प्यावा.

प्रायमर दिसला म्हणजे मरून रंग मारणारा माणूस रीतसर होता. पत्र्याला चिकटेल, टिकेल, असं काम करून घेणारा. रुपेरीखाली प्रायमर नाही. रुपेरी म्हणजे वरात, असं मिस्त्रींचं मत.

कागदांचं काय? त्या काळात कंपनीनं दिलेला गाडीचा नंबर म्हणजे इंजिनाचाच नंबर. इंजिनाच्या डाव्या अंगाला, पाण्याची नळी आत शिरते तिच्या वर, एक उंचवटा असतो. त्यावर तो ठोकलेला. गंज तारेच्या ब्रशनं खरवडू नये, अंक जातात. डिझेलमध्ये भिजवलेलं फडकं रात्रभर लावून ठेवावं, सकाळी खडूची पूड चोळावी. आकड्याआधी इंग्रजी 'सी' निघाला तर इंजिन कॅनडाचं. आपल्याकडच्या उजव्या स्टिअरिंगच्या गाड्या तिथूनच यायच्या. मुंबईत १९२६ साली फोर्डची कंपनी निघाली, तीही कॅनडावाल्यांचीच. दुसरी खूण दाराची. अमेरिकन टूररला पुढचं डावं दार नुसतं पत्र्यावर उठवलेलं असतं, उघडत नाही. कॅनडाच्या गाडीची चारही उघडतात. पण इंजिनं या गाडीतून त्या गाडीत सर्रास जायची. म्हणून नंबरावरून कळतं ते इंजिनाचं वय. अंगाचं वय अंगालाच विचारावं लागतं.

चाकांना विचारलं तर ती जास्तच बोलतात. प्रत्येक चाकाला बारा लाकडी आरे, हिकरी नावाच्या चिवट अमेरिकी लाकडाचे. त्यातल्या एका चाकात अकरा हिकरीचे आणि एक बाभळीचा. हे काम गाड्यांच्या मेकॅनिकचं नव्हे, बैलगाडीच्या सुताराचं. रंधा असा मारलाय की हात फिरवल्याशिवाय फरक लागू नये. सोलापूरच्या कोरड्या हवेत लाकूड आटतं, आरे सैल होतात आणि गाडी वळणावर करकरते. बैलगाडीचं चाक पाण्यात टाकतात तसं हेही टाका, असं सांगणारे दहा भेटतात. टाकू नये. लाकूड फुगतं, चाकाच्या मधल्या लोखंडी चकत्यांत, म्हणजे फ्लँजमध्ये, स्वतःलाच चेचून घेतं, आणि वाळलं की आधीपेक्षा ढिलं. बैलगाडीला वरून लोखंडी धाव तापवून आवळता येते, इथं ती सोय नाही. आरे बदलायचे, नाहीतर पातळ पाचर बसवायची. बाभळीचा तो आरा घट्ट आहे. तो काढायचा नाही, हा आमचा हट्ट.

मागच्या ॲक्सलमध्ये मात्र हळवं होऊन चालत नाही. डिफरन्शिअलच्या, म्हणजे मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या दातेरी चाकांच्या, दोन्ही बाजूंना व्हाइट मेटल या मऊ धातूचे थ्रस्ट वॉशर असतात; ते दाते जागच्या जागी दाबून धरतात. इतक्या वर्षांत त्यांची कडक भाकरी झालेली असते. बोटांनी दाबलं की तुकडे. ते फुटले की दाते एकमेकांना सोडतात. आणि या गाडीचा पायातला ब्रेक चाकांवर नाही, गिअरबॉक्समधल्या ड्रमवर लागतो. दाते सुटले म्हणजे ब्रेकही गेला. गाडी सुरू करून बघण्याच्या मोहाआधी ॲक्सल उघडावा, पितळी नाहीतर ब्राँझचे वॉशर टाकावेत, जुने फेकून द्यावेत. इतिहासबितिहास नंतर.

टपाचं दुखणं वेगळंच. १८७७ साली कापडाची गिरणी सुरू झालेल्या गावात टपाला जोगं कॅनव्हास शोधत हिंडावं लागतं. चादर म्हणाल ती मिळेल, टॉवेल ढिगानं. कॅनव्हास मिळालं की आधी रात्रभर भिजवावं, वाळवावं, मगच कात्री लावावी. माप टपाच्या कमानी उभ्या करून, पट्टे पुढच्या काचेला ओढून घ्यावं. इथल्या त्रेचाळीस अंशांत तंग वाटलेलं सुती कापड पहिल्या पावसात आणखी आवळतं आणि ठोकलेल्या चुका, म्हणजे बारीक खिळे, उपटून काढतं. ओला टप मिटू नये, हे वेगळं सांगायला नको. तरी मिटतात.

वलयांकडे परत. घड्याळजीचं भिंग लावलं तर मरून आणि रुपेरी यांच्या मधे केसाएवढी एक काळी रेघ दिसते. तो रंग नव्हे, धूळ. आधी मरूनला बारीक तडे गेले, तड्यांत धूळ बसली, मग वरून रुपेरी फिरली. बाकी कुठल्याच दोन रंगांमधे ती नाही. म्हणजे रीतसर मरून करून घेणारा माणूस गेला असेल, किंवा पैसा गेला असेल, आणि गाडी वर्षानुवर्षं तशीच उभी. कुणी हात लावला नाही.

मिस्त्री चौथ्यांदा आले, तेव्हा हातात लांबीचा, म्हणजे पुट्टीचा, डबा आणि पत्र्याची पट्टी होती.

"इथं लांबी भरू का?"

"राहू द्या."

"लोकं म्हणतील, रंग मारायचा राहिला."

"दार लावलं की दिसत नाही."

त्यांनी डब्याचं झाकण दाबून बसवलं आणि चहाला गेले.