आमची वाटचाल : गिरणीच्या चातीपासून मासेमारीच्या रिळापर्यंत

वडील परळच्या गिरणीत, त्रासन (सूतकताईच्या) खात्यात फिटर. 1982 च्या जानेवारीत संप झाला आणि त्यांची नोकरी गेली ती गेलीच. मग लालबागला एका गाळ्यात जुना लेथ टाकला. पंपाचे शाफ्ट, शिलाई मशीनचे सुटे भाग, येईल ते काम.

मासेमारीची रिळं आणली ती दादरच्या एका पारशी बावाजींनी. पिशवीतून पितळी 'हार्डी परफेक्ट' काढलं आणि म्हणाले, "मिस्त्री, याचा आवाज गेला."

इंग्लंडातल्या ॲनिक गावचं हे रीळ, 1891 पासूनचं. आत छर्ऱ्यांचं बेअरिंग. वडिलांनी उघडलं आणि छर्रे लेथखाली सांडले. लोहचुंबक फिरवला तर छर्ऱ्यांआधी शेरभर कीसच चिकटून आला. पॉल, म्हणजे दात्यांवर कर्रकर्र वाजणारा खटका, झिजून गुळगुळीत झाला होता. जुनी कानस तापवून मऊ केली, तिच्यातून नवा पॉल घासला, पाणी दिलं. दोरी ओढली, कर्रर्र! बावाजी ते रीळ घेऊन कावेरीवर महसीर मासे धरायला गेले.

त्यांनीच सांगितलं की स्थिर बॉबिनचं (दोरी सुटताना बॉबिन न फिरणारं) रीळ इलिंगवर्थ नावाच्या ब्रॅडफर्डच्या लोकर-गिरणीवाल्यानं काढलं, 1905 मध्ये, गिरणीतली सूत गुंडाळायची चाती बघून. वडील महिनाभर चाळीत सांगत फिरत होते, "चाती आमची, मासे त्यांचे!"

मधली वर्षं बरी गेली. आता त्या व्यापाऱ्याचं.

जुन्या वस्तू परदेशी विकणारा गृहस्थ. एकतीस रिळं दिली, सगळी उधारीवर. आम्ही फक्त आतलं काम केलं. यानं वरून बफ मारून सोन्यासारखी चकचकीत केली. जुन्या हार्डीवर काठी धरलेल्या हाताचा शिक्का असतो. तो पार पुसला. बाहेरचा काळपट थर म्हणजे मळ नव्हे हो, कारखान्याचं फिनिश ते! माल परत आला, आणि यानं गिऱ्हाइकाला कळवलं, "दुरुस्तीवाल्यानं घासलं." आमचा एक पैसा दिला नाही. लेथचे हप्ते थकले, हिच्या पाटल्या गहाण पडल्या. तेव्हा बावाजी सात रिळं घेऊन आले, पैसे आगाऊ मोजले. उघडून बघतो तर पाचांत काही बिघाडच नव्हता. विचारलं तर म्हणाले, "तरी पण तेल घाल नी."

घरी जुनं रीळ असेल तर ब्रासो लावू नका. आणि ड्रॅग (दोरीला अडवणारा ब्रेक) आवळून कपाटात ठेवू नका, वॉशर चिकटतात. दहा वेळा सांगतो, कोण ऐकतं!

तेव्हापासून आमच्या प्रत्येक पॉलच्या मागे पंचचा एक ठिपका असतो. परवा एक तरुण चोरबाजारातून घेतलेलं रीळ घेऊन आला. "काका, एकदम ओरिजिनल आहे, आजवर कोणी उघडलेलंच नाही." उघडलं, भिंग लावलं. ठिपका होता. वडिलांच्या लेथवरचाच.