कँडी ते बदुल्ला, आरक्षणाविना

श्रीलंकेच्या डोंगरातल्या गाडीचं आरक्षण तीस दिवस आधी उघडतं. मी अलार्म लावून बसले होते. दोघींचे पासपोर्ट नंबर भरले, कार्डाचा नंबर टाकला, ओटीपी येईपर्यंत जागा गायब. मग एका दलालाने मेसेजवर तीच तिकिटं मूळ भाड्याच्या कैकपट दराने देऊ केली. डोंबिवलीची माणसं आम्ही, गाडीत चढायला कोणाला पैसे द्यायची सवय नाही. नाही म्हटलं.

अडचण एकच होती, बरोबर आई होती. वय 66 आणि उजवा गुडघा कुरकुरणारा. कँडीहून एल्ला सुमारे 160 किलोमीटर, पण गाडी साडेसहा-सात तास घेते. एवढा वेळ तिला उभं कसं ठेवायचं? कँडीच्या खिडकीवर विचारलं, तर कळलं की दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्गाची बिनआरक्षित तिकिटं त्याच दिवशी मिळतात आणि ती संपत नाहीत. मग मी प्रवासाचे तीन तुकडे केले: कँडी ते नानू ओया, मुक्काम, नानू ओया ते एल्ला, मुक्काम, आणि शेवटी एल्ला ते बदुल्ला. पहिल्या वर्गाच्या एसी डब्याच्या काचा बंदच असतात हे नंतर पाहिलं, तेव्हा हुकलेल्या तिकिटाचं दुःख बरंच ओसरलं.

कोलंबो फोर्टहून आलेली गाडी कँडीलाच खचाखच भरलेली. आई आत, मी दाराशी. डब्यात पांढरे कपडे घातलेली कुटुंबंच्या कुटुंबं, उशा आणि जेवणाचे डबे घेऊन. फेब्रुवारी होता, म्हणजे श्रीपाद या डोंगराच्या यात्रेचा हंगाम. शिखरावरच्या पाऊलखुणेला बौद्ध बुद्धाची मानतात, हिंदू शिवाची. हे सगळे हॅटनला उतरणार, असं शेजारच्या मुलाने सांगितलं आणि तसंच झालं. हॅटन आलं, डबा अर्धा रिकामा. आईला खिडकी मिळाली. त्याआधीचा तासभर मात्र एका तमिळ मळेवाल्या बाईने तिला आपल्या बाकावर सरकून बसवलं होतं. दोघींना एकमेकींचं अक्षरही कळत नव्हतं, पण गुडघा दोघींचाही दुखत होता, हे हातवाऱ्यांनी ठरलं.

फेरीवाला ‘इस्सो वडे’ म्हणत आला. डाळीच्या वड्यावर अख्खी कोळंबी चिकटवलेली. आमच्या पुडीचा कागद कोणा पोराच्या गणिताच्या वहीचा होता, लाल शाईत दोन चुका. आईने आधी गणित तपासलं, मग वडा खाल्ला. शिक्षिका होती ती.

एकेरी रूळ, त्यामुळे ड्रायव्हरकडे ‘टॅब्लेट’ म्हणजे पुढे जायच्या परवानगीची खूण असल्याशिवाय गाडी पुढच्या टप्प्यात जात नाही. वेताच्या मोठ्या कड्याला लावलेली ही खूण स्टेशनवर एक माणूस हात पसरून घेतो, दुसरी देतो. दारात उभं राहून मी हे दिवसभर बघत राहिले.

नानू ओयाहून नुवारा एलिया आठेक किलोमीटर, तीनचाकीने जायचं. थंडी इतकी की आईने दोन स्वेटर चढवले. दुसऱ्या दिवशी पट्टीपोला लागलं, सव्वासहा हजार फुटांवरचं, देशातलं सर्वांत उंच स्टेशन. त्यापुढच्या बोगद्यात शिरताना धुकं होतं, बाहेर पडलो तर ऊन. घाटमाथ्याचा पाऊस आणि पलीकडचा कोरडा मुलूख यांची सीमाच ती. ओहियापासून हपुतळेपर्यंत खिडकीबाहेर दरीच दरी. तिथे मी फोन खिशात ठेवला.

एल्लाला परदेशी पाहुण्यांचा अख्खा लोंढा उतरतो. माझं मत विचाराल तर त्यापुढचा तासाभराचा तुकडा सोडू नका. तिसऱ्या दिवशी डबा जवळपास मोकळा होता. 1921 सालचा नऊ कमानींचा पूल गाडीतून दिसतो तसा कमीच, तो बघायचा तर एल्लाहून चालत जावं. पण देमोदरा! गाडी स्टेशनात थांबते, निघते, टेकडीला वळसा घालत उतरते आणि त्याच स्टेशनच्या खालच्या बोगद्यातून बाहेर येते. एवढ्या कमी जागेत एवढा उतार जमेना, तेव्हा मळ्यावरच्या मुकादमाला मुंडासं सोडून पुन्हा गुंडाळताना पाहून इंजिनिअरला युक्ती सुचली, अशी दंतकथा आहे. खरी असो वा नसो, आईने लगेच ओढणी काढून मांडीवर वेटोळं केलं आणि पेनाचं टोपण गाडी म्हणून त्यावरून फिरवलं.

‘अगं, खालून जायला हवं,’ मी म्हटलं.

‘थांब, स्टेशन वर उचलते.’

तेवढ्यात बोगदा आला आणि टोपण अंधारात कुठेतरी घरंगळलं. बदुल्लाला रूळ संपतात. सगळे उतरून गेले तरी आम्ही दोघी बाकाखाली ते टोपण शोधत होतो.