तुम्ही विचारलंत म्हणून: वेलीने भिंतीला ओल येते का?

नाही येत. म्हणजे वेल कोणती त्यावर आहे, पण हे दुसरं वाक्य ऐकायला कोणी थांबत नाही.

डार्विनने १८६५ सालीच चढण्याच्या तऱ्हेवरून वेलींचे गट पाडले. आमच्या कोथरूडच्या सोसायटीला अजूनही सगळ्या वेली सारख्याच. ती बारीक पानांची, भिंतीला पालीसारखी चिकटणारी वेल खोडातून मुळं काढून गिलावा धरते आणि उपटलीत तर रंग घेऊनच येते. तिच्याबद्दलची तक्रार मला मान्य. पण गोकर्ण आधाराला पीळ घालत चढते, कृष्णकमळ आणि कारली तनाव्यांनी धरतात. सपाट भिंतीवर त्यांना धरायला काही नसतंच. तार किंवा सुतळी लागते. म्हणून माझी जाळी भिंतीपासून वीतभर पुढे आहे. मागे वारा खेळतो, पश्चिमेचं ऊन भिंतीऐवजी पानांवर पडतं. ब्रॅकेटसाठी भिंतीला भोकं पाडली, हे खरं. ती दर पावसाळ्याआधी बघावी लागतात, हेही खरं.

आता मधुमालतीचं. इमारतीच्या रंगकामाला परांची बांधली तेव्हा मी कामावर होतो. संध्याकाळी आलो तर खोड बुंध्याशी कापलेलं. वरचा पसारा तसाच, दुसऱ्या मजल्यापर्यंत हिरवागार. तिला अजून कळलं नव्हतं. अंधार पडताना त्या दिवसाच्या कळ्या रोजच्यासारख्या पांढऱ्या उमलल्या, वासही आला. खालून एक काकू म्हणाल्या, "अय्या, काय बहरलीय!" मी काही बोललो नाही. एरवी ही फुलं पांढऱ्याची गुलाबी, गुलाबीची लाल होतात. ही मधेच सुकली. वाळलेला गुंता जाळीतून मीच कात्रीने तुकडे करून काढला. मागची भिंत कोरडी होती. मी फोटो काढले, सभेत दाखवले. ओल होती ती पलीकडच्या बाजूला, गच्चीचा पाइप गळतो तिथे. फोटो पुढच्या रांगेपर्यंत पोचले, तेवढ्यात पार्किंगचा विषय निघाला.

"झाडच ते, परत येईल," असं मला सांगण्यात आलं. आली. पावसात बुंध्यातून चार धुमारे फुटले आणि तोच त्यांचा मुद्दा ठरला: बघा, काही बिघडलं का?

पूर्वी मी तावातावाने म्हणायचो, माझ्या अंगणातली वेल, कुणाला काय त्रास? त्रास आहे. पन्हाळीत पाकळ्या अडकतात, वरच्यांच्या खिडकीत मुंग्या जातात, आणि भिंत एकट्या माझी नाही. तरी कापण्याआधी दाराची बेल वाजवायला काय हरकत होती? वेल्डरला विचारलं, जाळी बिजागरीवर बसवून रंगकामापुरती खाली घेता येईल का. तो म्हणाला, जाळी वाकेल, पण जुनं खोड वाकणार नाही. मग यंदा तिथे दोडका लावावा का? दिवाळीपर्यंत आटोपतो. घरात यावर एकमत नाही. माझं माझ्याशीही नाही.

आणि साप म्हणाल, तर अजून एकही दिसलेला नाही.